फ्लॅट भाड्याने देताना: पहिल्या फोनपासून किल्ली परत मिळेपर्यंत

पुष्कळ मराठी घरांमध्ये आज एक जास्तीचा फ्लॅट आहे. कुणी पंधरा वर्षांपूर्वी वाकडला किंवा कल्याणला गुंतवणूक म्हणून घेतला, कुठे आईवडील गेल्यावर त्यांचं घर मागे राहिलं, कुठे मुलगा जर्मनीला गेला आणि त्याचा फ्लॅट सांभाळायची जबाबदारी इथल्या काका-मामांवर आली. यातले कितीतरी फ्लॅट वर्षानुवर्षं कुलूपबंद असतात. मालकाला धास्ती असते की भाडेकरू एकदा आत शिरला की निघत नाही.

या धास्तीला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याच्या काळात गिरगाव-लालबागच्या चाळींत आणि पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांत भाडी गोठली, भाडेकरूंच्या पिढ्या बदलल्या आणि मालक कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिले. ते सगळं आपण घरात ऐकत मोठे झालो. पण ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे. जुन्या भाडेकरूंचं संरक्षण त्यात टिकलं, मात्र राहण्यासाठी लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती फक्त वापरायची परवानगी म्हणून, दिलेली जागा मुदतीनंतर परत मिळवायची वेगळी, सरळ वाटही त्यात आहे. या वाटेवर तोच मालक चालू शकतो ज्याच्या हातात लेखी आणि नोंदणीकृत करार आहे. म्हणून मला कुणी विचारलं तर मी सांगतो, घर देताना जे जे कराल ते घर परत घ्यायचा दिवस डोळ्यांसमोर ठेवून करा. पुढचे सगळे टप्पे त्याच हिशेबाने लिहिले आहेत.

आधी घर तयार करा, मग फोटो टाका

मालक घाईत जाहिरात टाकतात आणि दुरुस्त्या "भाडेकरू आल्यावर बघू" म्हणून सोडतात. भाडेकरू सामान घेऊन आला की तीच कामं दुप्पट त्रासाची होतात. प्लंबरला वेळ द्यायची तर त्याच्या ऑफिसच्या वेळा सांभाळाव्या लागतात, आणि पहिल्याच आठवड्यात नळ गळाला तर नात्याची सुरुवात तक्रारीने होते.

रिकाम्या घरात एक सकाळ काढा. स्वयंपाकघरातलं सिंक बूच लावून काठोकाठ भरा, बूच काढा आणि खाली बॅटरी धरून वाकून बघा. नुसता नळ सोडून कळत नाही. पाणी जोरात उतरतं तेव्हाच ट्रॅपच्या, म्हणजे सिंकखालच्या वाकड्या पाइपच्या, जोडातून थेंब पडतो. बाथरूमच्या नहाणी जाळीवर दोन बादल्या एकदम ओता, पाणी तुंबतं का पाहा. फ्लशची टाकी भरल्यावर आतून झिरपत राहते का, हे कमोडच्या भांड्यात आतून, मागच्या बाजूला कोरडा टिश्यू पेपर टेकवून कळतं. मोबाईलचा चार्जर घेऊन घरातला प्रत्येक प्लग तपासा. गिझर वीस मिनिटं चालवा. जिथे बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं तिथे गिझरच्या कॉईलवर क्षारांचा थर बसतो, तो काढून घ्या. खिडक्यांच्या कडा आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या खोल्यांचे कोपरे बघा. ओल असेल तर रंग लावून झाकू नका. जुलैत ती परत वर येते आणि तोवर भाडेकरूचं कपाट त्याच भिंतीला लागलेलं असतं. गळतीची कामं मे संपायच्या आत उरका.

सामान किती ठेवायचं? माझं मत असं की पंखे, ट्यूब, गिझर, किचन ट्रॉली, पडद्याचे रॉड आणि जमल्यास एक-दोन कपाटं एवढं पुरे. फ्रिज, वॉशिंग मशीन, सोफा ठेवल्याने भाडं थोडं वाढतं, पण त्या वस्तू बिघडल्या की फोन तुम्हालाच येतो. कंपनीच्या बदलीवर येणाऱ्यांची वस्ती असेल, म्हणजे हिंजवडी किंवा पवईसारखा भाग असेल, तर सगळ्या सामानासह देणं परवडू शकतं. इतरत्र नाही. आणि आजीचा पितळी डबा, आईचं शिवणयंत्र असल्या जीव अडकलेल्या वस्तू भाड्याच्या घरात ठेवूच नका.

भाडं ठरवताना रिकामा महिना मोजा

आपल्या इमारतीत आणि शेजारच्या दोन सोसायट्यांत गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष काय भाडी ठरली, ते वॉचमन, सेक्रेटरी आणि दोन वेगवेगळे एजंट यांच्याकडून काढा. संकेतस्थळांवरचे आकडे हे मालकांनी मागितलेले असतात, ठरलेले नसतात.

समजा बाजारभाव २०,००० आहे आणि तुम्ही २१,००० वर अडून बसलात. वर्षाला १२,००० जास्त मिळतील. पण त्या हट्टापायी फ्लॅट एक महिना जरी रिकामा राहिला तरी २०,००० गेले, आणि मेंटेनन्स चालूच. तीच गोष्ट चांगल्या भाडेकरूची. वेळेवर भाडं देणारं, घर स्वच्छ ठेवणारं कुटुंब हजार रुपयांसाठी घालवलं तर रिकामा महिना, रंगकाम आणि एजंटचं कमिशन मिळून ती रक्कम कित्येक पटींनी परत जाते. वर्षाला ५ टक्के वाढ बहुतेक लोक कुरकुर न करता देतात. ती करारातच लिहून टाकली की दरवर्षी बोलणी करायची वेळ येत नाही.

डिपॉझिटवर महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्ससाठी सरसकट कायदेशीर कमाल मर्यादा नाही. केंद्राने २०२१ मध्ये काढलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात घरांसाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे, पण तो नमुना आहे. राज्याने स्वतः कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. व्यवहारात दोन-तीन महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून योग्य. मुंबईत चालणारा "हेवी डिपॉझिट"चा प्रकार, म्हणजे भाडं नाममात्र आणि डिपॉझिट काही लाखांचं, तो मी कुणाला सुचवत नाही. ते पैसे कुठेतरी अडकतात आणि भाडेकरू निघताना एकरकमी उभे करता आले नाहीत, तर घर सोडायचं नाही म्हणणारा भाडेकरू रास्त ठरतो.

एजंटचं कमिशन साधारणपणे दोन्ही बाजूंकडून एकेक महिन्याचं भाडं असतं. मात्र त्याच भाडेकरूचा करार पुढे वाढवला तर काय, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. बहुतेक वाद तिथेच होतात.

माणूस निवडणं

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, आणि अन्यायही.

आडनाव, जात, धर्म, खाणंपिणं, एकटी राहणारी बाई, नवऱ्यापासून वेगळी झालेली आई, यावरून नाही म्हणणारे मालक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. हे माणुसकीला धरून नाहीच, शिवाय व्यवहार म्हणूनही कुचकामी आहे. भाडं कोण बुडवेल हे आडनावावरून कळत नाही. ते कळतं उत्पन्नाच्या कागदावरून आणि आधीच्या घरमालकाशी झालेल्या पाच मिनिटांच्या बोलण्यावरून.

तेव्हा हे मागा: आधार आणि पॅनची प्रत, नोकरीचं ओळखपत्र, गेल्या तीन महिन्यांच्या पगारपत्रिका, आणि आधीच्या घरमालकाचा नंबर. व्यवसाय असेल तर गेल्या दोन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रं. भाडं हातात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशाच्या आत असेल तर ताण येत नाही. आधीच्या मालकाला दोनच प्रश्न विचारा: भाडं कोणत्या तारखेला यायचं, आणि तुम्ही त्यांना पुन्हा घर द्याल का? दुसऱ्या प्रश्नाआधी तो थबकला तरी पुरेसं उत्तर मिळतं.

विद्यार्थी किंवा नोकरदार मुलं एकत्र राहणार असतील तर राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव करारात हवं. एकाच्या नावावर करार आणि आत पाच जण, असं झालं की पहिला मुलगा नोकरी बदलून गेल्यावर घरात कोण राहतंय हे तुम्हालाच ठाऊक नसतं. कुणी सोडून गेला आणि नवा आला तर नवा करार. विद्यार्थ्यांच्या बाबतीत एका पालकाशी प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर बोला, त्यांचा पत्ता आणि फोन लिहून ठेवा.

एक सावधगिरी. जाहिरात टाकल्यावर "मी सैन्यात आहे, बदली झाली आहे, घर न बघता पसंत आहे, डिपॉझिट आत्ताच पाठवतो" असे फोन येतात. पलीकडचा माणूस गणवेशातले फोटो आणि ओळखपत्र पाठवतो, मग एक क्यूआर कोड पाठवून म्हणतो की हा स्कॅन करा म्हणजे पैसे येतील. पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, यूपीआय पिनही टाकावा लागत नाही. तसं सांगणारा प्रत्येक माणूस फसवणारा आहे, फोन ठेवून द्या.

करार: स्टॅम्पपेपरवरची नोटरी चालत नाही

"अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही" हा समज अजून घट्ट आहे. देशाच्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, त्यातून अकरा महिन्यांची प्रथा पडली. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा कोणताही करार, मुदत कितीही असो, लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नोंदणी नसेल तर अटींबद्दल वाद झाल्यावर, उलट सिद्ध होत नाही तोवर, भाडेकरू सांगेल ते ग्राह्य धरलं जातं. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारून घेतलेला कागद तुम्हाला यातून वाचवत नाही.

आणि खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. ते संपूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत न मिळणारी रक्कम असेल तर ती, अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर लागतं. भाडं २०,०००, डिपॉझिट ६०,०००, मुदत अकरा महिने असेल तर भाडं २,२०,००० आणि व्याज ५,५००. बेरीज २,२५,५००, तिच्यावर ०.२५ टक्के म्हणजे जेमतेम पाच-सहाशे रुपये. नोंदणी फी महापालिका-नगरपालिकेच्या हद्दीत १,००० आणि ग्रामीण भागात ५००. वर दस्त हाताळणी शुल्क आणि घरी येऊन काम करणाऱ्याची फी. हा खर्च निम्मा-निम्मा करणं मला रास्त वाटतं.

दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात रांग लावायची गरज नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-नोंदणी सेवेतून करार ऑनलाइन तयार होतो, आधारशी जोडलेल्या बोटांच्या ठशाने ओळख पटते आणि नोंदणी होऊन त्याची प्रत मिळते. ठशाचं यंत्र घेऊन घरी येणारे अधिकृत सेवा देणारे प्रत्येक शहरात आहेत. फ्लॅट नवरा-बायकोच्या नावावर असेल तर दोघांच्या सह्या लागतात, किंवा एकाने दुसऱ्याला कुलमुखत्यारपत्र दिलेलं हवं. ठसे द्यायच्या आधी संगणकावर भरलेला मसुदा शांतपणे वाचा. फ्लॅट नंबर, मजला, विंग, तारखा आणि नावांची स्पेलिंग नीट बघा. मुदतीच्या तारखेतली चूक शेवटी तुमच्याच अंगाशी येते.

मुदत अकरा महिन्यांचीच हवी असं नाही. ६० महिन्यांपर्यंत याच दराने मुद्रांक लागतो. भाडेकरू भरवशाचा असेल तर चोवीस किंवा छत्तीस महिन्यांचा करार करून त्यात वार्षिक वाढ लिहिलेली बरी, दरवर्षीची धावपळ वाचते. नवीन माणसाबरोबर पहिल्यांदा मी अकरा महिनेच सुचवतो.

अटी लिहिताना तयार नमुन्यावर विसंबू नका. या गोष्टी स्पष्ट शब्दांत असाव्यात:

- भाडं कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या खात्यात, आणि सोसायटीचा मेंटेनन्स त्यात धरला आहे की वेगळा.
- लॉक-इन, म्हणजे कुणालाच करार मोडता येणार नाही असा काळ, किती महिन्यांचा आणि त्यानंतर नोटीस किती दिवसांची. नोटीस दोन्ही बाजूंना सारखीच.
- वीज, पाइप गॅस, इंटरनेट यांची बिलं कोण भरणार.
- किती रकमेपर्यंतच्या किरकोळ दुरुस्त्या भाडेकरूच्या आणि त्यावरच्या मालकाच्या. नळाचा वॉशर भाडेकरूने बदलावा, स्लॅबची गळती मालकाने काढावी, हे स्वच्छ लिहा.
- घरात कोण कोण राहणार, त्यांची नावं. पोटभाड्याने देता येणार नाही.
- पार्किंग कोणतं, नंबरासह.
- डिपॉझिट कधी परत द्यायचं आणि त्यातून काय वजा होऊ शकतं.
- सामानाची यादी, वस्तूच्या कंपनीसह.

दुकान किंवा ऑफिससाठी जागा देत असाल तर एक लक्षात ठेवा. मुदत संपल्यावर जलद ताबा देणारी तरतूद राहण्यासाठी दिलेल्या जागेपुरती आहे. व्यावसायिक जागेचा करार वकिलाकडूनच करून घ्या.

पोलीस आणि सोसायटी

भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं टाळू नका. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पोलीस आयुक्तांचे तसे आदेश निघतात आणि ते मोडले तर मालकावर गुन्हा दाखल होऊ शकतो. पोलिसांच्या संकेतस्थळावर अर्ज भरता येतो, पोच जपून ठेवा. भाडेकरू परदेशी नागरिक असेल, जसे पुण्यात शिकायला येणारे विद्यार्थी, तर तो आल्यापासून २४ तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन फॉर्म भरून द्यावी लागते.

सोसायटीचं वेगळं. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार, फ्लॅट भाड्याने देण्यासाठी सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, पण आधी लेखी कळवायचं असतं आणि कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची असते. मालक स्वतः राहत नसला की सोसायटी जे ना-वापर शुल्क लावते, ते सेवा आकाराच्या, म्हणजे बिलातल्या सोसायटीच्या सेवांसाठीच्या रकमेच्या, १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. तसा राज्य सरकारचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे. हे १० टक्के संपूर्ण बिलावर नसतात. महापालिकेचे कर आणि सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) बाजूला ठेवून फक्त सेवा आकारावर मोजायचे. सेवा आकार ३,००० असेल तर ३०० रुपये. जास्त लावले असतील तर भांडत बसू नका, आदेशाचा हवाला देऊन सेक्रेटरींना पत्र द्या आणि पोच घ्या.

किल्ली देण्याचा दिवस

किल्ली करार नोंदल्यानंतर आणि डिपॉझिट खात्यात जमा झाल्यावरच द्यायची. "सामान आधी टाकतो, सही रविवारी करू" याला गोड शब्दांत नाही म्हणा. मराठी माणसाला भीड फार पडते, पण या एका ठिकाणी ती नको.

त्या दिवशी भाडेकरूला सोबत घेऊन घरात फिरा. प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा: भिंती, फरशी, दारामागचा भाग, कपाटांची आतली बाजू, सिंकखालची जागा. फरशीला आधीच तडा असेल तर त्याच्याच देखत त्याचा जवळून फोटो घ्या आणि तो व्हॉट्सअॅपवर त्याला पाठवा. यामुळे भाडेकरू निर्धास्त होतो की हा तडा आपल्या माथी येणार नाही. वीज मीटरच्या रीडिंगचा आणि पाइप गॅस असेल तर त्या मीटरचाही फोटो काढा. किती किल्ल्या दिल्या ते लिहा. पाण्याची मुख्य चावी, एमसीबीचा बोर्ड आणि गॅसचा कॉक कुठे आहे हे दाखवा. मध्यरात्री पाइप फुटला तर खालच्या मजल्याचं छत यानेच वाचतं. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनचे नंबरही देऊन ठेवा.

महिन्याचा कारभार

भाडं बँकेतूनच घ्या. रोखीने घेतलेल्या भाड्याचा वाद झाला की दोघांकडेही पुरावा नसतो. शिवाय भाडेकरू घरभाडे भत्त्याची सूट घेत असेल आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर त्याला तुमचा पॅन ऑफिसात द्यावाच लागतो, तेव्हा उत्पन्न लपवायचा विचारही करू नका. भाडं पाच दिवस लांबलं की लगेच सौम्य संदेश पाठवा. दोन महिने गप्प बसून तिसऱ्या महिन्यात चिडणं उपयोगाचं नाही.

वीजबिल तुमच्या नावावर असतं, म्हणून ग्राहक क्रमांक आपल्या मोबाईलशी जोडलेला ठेवा आणि दर महिन्याला भरणा झाला का ते बघा. थकबाकीने मीटर काढून नेला तर तो परत बसवायची खटपट तुमच्याच गळ्यात पडते.

दुरुस्तीचा फोन आला की त्याच दिवशी उत्तर द्या, काम दोन दिवसांनी झालं तरी चालेल. भाडेकरू सोडून जातात ते बहुतेकदा अशा न उचललेल्या फोनांमुळे. आणि एक मर्यादा पाळा. घर तुमच्या मालकीचं असलं तरी आत कुणाचा तरी संसार आहे. जायचं तर आधी कळवून, त्यांच्या सोयीच्या वेळी जा. स्वतःकडच्या जादा किल्लीने परस्पर दार उघडू नका.

कराचा हिशेब

भाड्याच्या उत्पन्नातून तुम्ही प्रत्यक्ष भरलेला मालमत्ता कर वजा होतो. उरलेल्या रकमेवर ३० टक्के वजावट सरसकट मिळते, तिला बिलं लागत नाहीत. वर्षाचं भाडं २,४०,००० आणि मालमत्ता कर १५,००० असेल तर २,२५,००० उरतात. त्यातून ६७,५०० वजा होऊन १,५७,५०० करपात्र राहतात. गृहकर्ज असेल तर त्याचं व्याज यातून पुढे वजा होतं. रंग, प्लंबिंग यांचा खर्च वेगळा दाखवता येत नाही, तो त्या ३० टक्क्यांत आला.

पुण्यातल्या मालकांनी आणखी एक बघावं. महापालिका स्वतःच्या घरात राहणाऱ्याला मालमत्ता कराच्या आकारणीत ४० टक्के सवलत देते, ती भाड्याने दिलेल्या फ्लॅटला मिळत नाही. भाडं ठरवताना हा वाढीव कर धरा.

महिन्याचं भाडं ५०,००० च्या वर असेल तर भाडेकरू व्यक्ती असली तरी तिने भाड्यातून २ टक्के कर (टीडीएस) कापून सरकारकडे भरायचा असतो. मालक परदेशात राहणारा असेल तर नियम फारच कडक आहे. भाडं कितीही कमी असो, भाडेकरूने सुमारे ३१ टक्के कर कापून सरकारकडे भरायचा असतो, आणि बाकीचं भाडं मालकाच्या एनआरओ खात्यात (परदेशी राहणाऱ्याचं इथल्या उत्पन्नासाठीचं बँक खातं) जमा करायचं. बहुतेक भाडेकरूंना हे माहीत नसतं. करारापूर्वीच सांगा, कमी दराने कापणीचा दाखला प्राप्तिकर खात्याकडून काढा, आणि इथल्या नातेवाइकाला रीतसर कुलमुखत्यारपत्र द्या. नुसत्या फोनवरच्या "तू बघ रे सगळं" वर मामाला करारावर सही करता येत नाही.

मुदत संपताना

मुदत संपायच्या दोन महिने आधी भाडेकरूला विचारा. राहायचं असेल तर नवा करार जुना संपायच्या आत नोंदवा. "चालू द्या तसंच" म्हणून करार संपल्यावरही भाडं घेत राहणं ही मालकांची सगळ्यात महागडी सवय आहे, कारण पुढे वाद झालाच तर करार जिवंत होता की नव्हता याचाच खल सुरू होतो.

जाणार असेल तर शेवटच्या आठवड्यात एकदा जाऊन पहिल्या दिवसाचा व्हिडिओ समोर ठेवून घर बघा. भिंतीचा रंग मळणं, फरशीची चमक जाणं ही वापराची झीज आहे, तिचे पैसे कापू नका. फुटलेलं बेसिन, जळलेला किचन ओटा, तुटलेलं दार यांचे कापा, आणि दुरुस्तीचं बिल दाखवून कापा. शेवटचं वीज रीडिंग घ्या, त्याचा हिशेब करा आणि उरलेलं डिपॉझिट किल्ल्या हातात आल्याबरोबर त्याच बैठकीत पाठवा. बदल्यात ताबा परत दिल्याची सही-तारखेची पावती घ्या. मुदतीआधी सोडत असेल तर करार संपुष्टात आल्याचं पत्र दोघांच्या सहीने करा. भाडेकरूने आधार, बँक आणि गॅसवरचा तुमचा पत्ता बदलावा हे त्याला आठवणीने सांगा.

आणि मुदत संपूनही तो गेला नाही तर? कुलूप बदलू नका, वीज-पाणी तोडू नका, चार माणसं घेऊन दारात उभे राहू नका. अत्यावश्यक सोयी तोडणं भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ खाली गुन्हा आहे, आणि ते केलंत की आतापर्यंत तुमच्या बाजूने असलेली केस उलटते. आधी वकिलामार्फत नोटीस पाठवा. मग त्याच कायद्याच्या कलम २४ खाली त्या भागाच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करा. तिथे नोंदणीकृत करारातला मजकूर हाच निर्णायक पुरावा मानला जातो, भाडेकरूला बचाव मांडण्यासाठी आधी परवानगी मागावी लागते, आणि मुदत संपल्यापासून घर सोडेपर्यंतच्या काळासाठी त्याला दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. नोटिशीत ही दुप्पट दराची तरतूद ठळकपणे लिहायला सांगा, पुष्कळ प्रकरणं तेवढ्यावरच मिटतात. अर्जासोबत नोंदणीकृत करार, सूची क्रमांक दोनची (नोंदणीनंतर मिळणाऱ्या 'इंडेक्स टू' उताऱ्याची) प्रत, मालकीचा पुरावा, नोटीस व तिची पोच आणि भाडं जमा झाल्याचं बँकेचं स्टेटमेंट लागेल. किल्ली दिल्यापासूनचे हे सगळे कागद एकाच फाईलमध्ये ठेवा आणि त्यांची स्कॅन केलेली प्रत घरातल्या आणखी एका माणसाकडे असू द्या.